चढणीच्या माशांची वाट

काही वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातली एक सकाळ मला अजून विसरता येत नाही. सांगलीत आमचे घर कृष्णेपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे आयर्विन पुलापर्यंत फिरून येण्याचा माझा नेम आहे. त्या दिवशी घाटाच्या पायऱ्या उतरण्याआधीच वास आला. पाण्याच्या कडेने, नजर पोहोचेल तिथपर्यंत, पांढऱ्या पोटांची एक रेघ ओढल्यासारखी दिसत होती. बोटाएवढी पिल्ले होती, वीतभर चिलापी होती, हातभर लांबीचे कटला आणि रोहू होते. मरळ वरची हवा घेऊ शकते, त्यामुळे काही मरळी तेवढ्या जिवंत होत्या आणि पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होत्या. ज्यांना सगळा घाट आण्णा म्हणतो असे एक वयोवृद्ध भोई गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी एक लांबट, काळपट मासा हातावर आडवा घेऊन माझ्यापुढे धरला. "बाई, ही वाम बघा. गाळात तोंड खुपसून जगणारी जात. ही वर येऊन मेली, म्हंजे खाली काय ऱ्हायलंच न्हाई."

उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, बंधाऱ्यांच्या मागे पाणी तुंबते, आणि अशा वेळी सांडपाणी किंवा मळीमिश्रित पाणी नदीत आले, की त्यातली घाण कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू काही तासांत संपवून टाकतात. हे मी वर्गात कितीतरी वेळा शिकवले होते. ते पाणी कोठून आले, यावर आठवडाभर चर्चा झाली, बाटल्यांत नमुने भरून नेले गेले, आणि पावसाळा आल्यावर तो विषय कोणी काढला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी मुलीकडे सिएटलला गेले होते. एका रविवारी ती मला कार्कीक पार्क नावाच्या उद्यानात घेऊन गेली. तिथे पायपर्स क्रीक नावाचा एक ओढा शहराच्या वस्तीतून उतरून समुद्राच्या खाडीला मिळतो. रुंदीला तो आमच्या गावच्या ओढ्याएवढाच असेल. पुलावर पाऊल ठेवताच तोच वास आला. झाडांच्या मुळांना अडकलेले, गोट्यांवर आडवे पडलेले, अर्धवट खाल्लेले हातभर लांबीचे मेलेले मासे ओढ्याच्या दोन्ही काठांना होते. माझ्या पोटात गोळा आला आणि मी मुलीला म्हणाले, "अगं, इथेही हेच?" तिने माझा हात धरला आणि पाण्याकडे बोट केले. "आई, मेलेले नको, जिवंत बघ आधी."

पाण्यात एक मादी होती. ती कुशीवर आडवी होऊन शेपटी इतक्या जोराने आपटत होती, की तळाचे गोटे उसळून मागे पडत होते आणि पाणी क्षणभर गढूळ होऊन पुन्हा नितळत होते. सतत खणून खणून तिच्या शेपटीची कडा झिजून पांढरी पडली होती. मागे एक नर होता, अंगावर जांभळट-हिरवे पट्टे, आकड्यासारखा वळलेला जबडा, आणि त्यातून बाहेर आलेले दात. दुसरा नर जवळ आला, की तो त्याच्या अंगावर धावून जायचा. वीस-पंचवीस मिनिटे मी हलले नाही. तिथे उभ्या असलेल्या एका स्वयंसेवक बाईंनी सांगितले, की मेलेले मासे कोणी उचलायचे नाहीत, कारण पुढच्या वसंतात गोट्यांखालून जी पिल्ले बाहेर येतील, ती ज्या किड्यांवर जगतील, ते किडे याच कुजणाऱ्या माशांवर वाढतात.

ते मासे सॅमन होते. सॅमन म्हटले, की आपल्याला रावस आठवतो, कारण हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणण्याची पद्धत आहे; पण रावस वेगळ्याच कुळातला मासा आहे आणि त्याचा सॅमनशी संबंध नाही. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मनदीत परत येतो. उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर त्याच्या चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम अशा पाच जाती आहेत. मी पाहिले ते चम होते. या पाचही जाती आयुष्यात एकदाच अंडी घालतात आणि मरतात. नदीत शिरल्यावर ते काही खात नाहीत, अंगातली चरबी जाळत प्रवाहाविरुद्ध चढतात. हजारो मैलांच्या समुद्रातून नेमकी आपली नदी त्यांना कशी सापडते, हे १९५०च्या दशकात आर्थर हॅसलर आणि वॉरन विस्बी यांनी शोधून काढले. सिएटलजवळच्याच इसाक्वा ओढ्यावर त्यांनी काही कोहो माशांच्या नाकपुड्या बंद करून त्यांना संगमाच्या खाली सोडले, तेव्हा त्यांना आपली वाट ओळखता येईना. नदीचा वास, म्हणजे तिच्या खोऱ्यातल्या मातीचा, पालापाचोळ्याचा, दगडांचा मिळून झालेला वास, पिल्लाच्या स्मरणात कोरला जातो आणि समुद्रातून परतल्यावर तोच त्याला घरी आणतो. मी चाळीस वर्षांपूर्वी सासरी आले, तरी वारणेच्या पहिल्या पुराचा वास मला अजून ओळखता येतो, त्यामुळे हे वाचताना मला त्याचे फार नवल वाटले नाही.

अंडी गोट्यांच्या सापटीत पडतात आणि त्या सापटींतून गार पाणी सतत झुळझुळत राहिले, तरच ती जगतात. वरच्या डोंगरावरची झाडे तुटली, रस्ता खणला गेला आणि बारीक माती वाहून आली, की ती माती गोट्यांत बसते आणि आतली अंडी गुदमरतात. काठची सावली गेली, तर पाणी तापते. मध्ये एक भिंत उभी राहिली, तर वरची सगळी नदी त्या माशापुरती नाहीशी होते. आणि जिथे मासा पोहोचतो, तिथे तो नदीपुरता राहत नाही: अस्वले सॅमन पकडून जंगलात ओढून नेतात, अर्धवट खाऊन टाकतात, आणि समुद्रातून आलेला तो नायट्रोजन काठच्या झाडांच्या खोडांत सापडतो, हे ब्रिटिश कोलंबियातल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणून सॅमनसाठी राखीव क्षेत्र आखायचे, तर एखादा डोह किंवा एखादी टेकडी पुरत नाही, नदीच्या माथ्यापासून मुखापर्यंतचे सगळे पाणलोट हिशेबात घ्यावे लागते. रशियाच्या कामचाट्का द्वीपकल्पात २००६मध्ये कोल आणि केख्ता या नद्यांसाठी असे उगमापासून समुद्रापर्यंतचे राखीव क्षेत्र झाले. त्या एका कोल नदीत प्रशांत सॅमनच्या सहाही जाती अंडी घालतात, आशियाच्या बाजूला आढळणारी मासू ही त्यातली सहावी.

आमच्याकडे सॅमन नाही, तेव्हा हे सगळे दूरचे म्हणून मला सोडून देता आले असते. पण माझे माहेर शिराळा तालुक्यातले, वारणेच्या काठचे. ज्याला आपण चढणीचे मासे म्हणतो, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहेत. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला आणि ओढ्याचे तांबडे पाणी वारणेला मिळू लागले, की त्या रात्री नदीतले मासे उलटे ओढ्यात चढायचे आणि ओढ्यातून भाताच्या खाचरांत शिरायचे. काका कंदील घेऊन निघायचे आणि आम्ही मुले मागे. बांधावरून पाणी खाली पडायचे, त्या इवल्या धबधब्यावर मासे अंग टाकायचे, पडायचे, पुन्हा उडी घ्यायचे. एकदा काकांनी बुट्टीभर मासे घरी आणले, तेव्हा आजीने त्यांतले एक-दोन उचलून पोट चाचपून पाहिले आणि सगळी बुट्टी परत ओढ्यात ओतून यायला सांगितले. "लेकुरवाळ्या हायत त्या. चढू दे. उतरताना धर." भर पावसात काका पुन्हा ओढ्यावर गेले. घरात कालवणाची तयारी झाली होती, ती तशीच राहिली.

नंतर चांदोलीला धरण झाले. ३४ टीएमसीच्या त्या पाण्यावर आमच्या भागातला ऊस उभा आहे, माझ्या भावाचाही उभा आहे, आणि उन्हाळ्यातही वारणा वाहती राहते ती त्याच्यामुळे, हे मी विसरत नाही. मात्र जूनमध्ये धरण भरून घ्यायचे असते, त्यामुळे चांदोलीच्या डोंगरात कोसळलेला पहिला लोंढा आता खाली येतच नाही. माशांना चढायला सांगणारी जी हाक होती, ती भिंतीमागे अडते. ओढे तेवढे अजून आपापल्या पावसाने येतात आणि जे काही थोडे मासे चढतात ते या ओढ्यांच्या भरवशावर. तिथेही हल्ली मुखाशी काठापासून काठापर्यंत बारीक आसाचे नायलॉनचे जाळे लावलेले असते, आणि त्यातून एक पिल्लूसुद्धा सुटत नाही.

सॅमनच्या नद्यांविषयी मी गेली काही वर्षे जे वाचते आहे, त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. बिघडलेली नदी दुरुस्त करण्याआधी, अजून चांगली असलेली नदी राखली पाहिजे. एल्वा नदीचे उदाहरण घ्या. वॉशिंग्टन राज्यातल्या या नदीवर समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर १९१३मध्ये एक धरण पूर्ण झाले आणि १९२७मध्ये त्याच्या वर दुसरे. माशांना चढण्यासाठी दोन्हींत वाट ठेवली नाही. लोअर एल्वा क्लालम हे तिथले मूळ रहिवासी. त्यांचा मासा गेला आणि ज्या जागी आपली उत्पत्ती झाली असे ते मानतात ती जागाही पाण्याखाली गेली. अनेक दशके ते लोक मागणी करत राहिले, १९९२मध्ये कायदा झाला, २०११मध्ये धरणे पाडायला सुरुवात झाली, २०१४मध्ये काम संपले. नदी पूर्ववत करण्याच्या या सगळ्या योजनेला सुमारे ३२ कोटी ५० लाख डॉलर लागले. तलाव रिकामा झाल्यावर ती पवित्र जागा पुन्हा उघडी पडली आणि २०२३च्या ऑक्टोबरात, मासेमारी बंद ठेवल्याला बारा वर्षे झाल्यावर, त्या जमातीने आपल्या नदीत पुन्हा कोहो धरले. हे वाचून माझे डोळे भरून आले, हे मी मोकळेपणाने सांगते. तरी प्रश्न उरतोच. एवढा पैसा आणि शंभर वर्षे प्रत्येक नदीला कोठून आणायची?

पोर्टलंड शहरात १९९२मध्ये स्थापन झालेल्या वाइल्ड सॅमन सेंटर या संस्थेने याच विचाराने काम उभे केले. प्रशांत महासागराच्या दोन्ही बाजूंच्या ज्या नद्यांत सॅमन अजून भरपूर आणि विविध आहे, त्या आधी शोधायच्या, आणि तिथल्याच लोकांबरोबर त्या राखायच्या. संकट आले नाही तोवर राखायचे, हे मला फार मोलाचे वाटते, कारण आपल्याकडे नदी आजारी पडल्याशिवाय तिच्याकडे कोणी वळत नाही, आणि चांगल्या नदीला तर कोणी वालीच नसतो.

चांगल्या राहिलेल्या नद्यांचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अलास्कातले ब्रिस्टल बे. जगातल्या सॉकाय सॅमनपैकी जवळजवळ निम्मे तिथल्या नद्यांत येतात. २०२२च्या हंगामात सुमारे ७ कोटी ९० लाख मासे आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे व्यापारी मासेमारी चालू आहे आणि तरीही मासा टिकून आहे. त्याचे एक कारण फार साधे आहे. नदीच्या दोन्ही काठांवर लाकडी मचाण उभे करतात आणि हंगामात रात्रंदिवस, दर तासाला दहा मिनिटे, मचाणावर बसलेला माणूस खालून वर जाणारे मासे मोजतो. मग दुसऱ्या काठावर जाऊन दहा मिनिटे. नदीला पुढच्या पिढीसाठी किती मासे वर गेलेले हवेत, याचा आकडा आधी ठरलेला असतो, आणि ते मासे पुरेसे वर जात आहेत असे दिसले, तरच खाली समुद्रात जाळी टाकायला परवानगी मिळते. माझ्या आजीचा नियम आणि हा नियम एकच आहे. त्यांनी तो मोजून पाळला, हा फरक.

याच ब्रिस्टल बेच्या दोन मोठ्या नद्यांच्या, नुशागाक आणि क्विचाक यांच्या, उगमाकडे तांबे आणि सोने यांची पेबल नावाची प्रचंड खाण होऊ घातली होती. एरवी ज्यांची एकाच माशावरून आपसांत भांडणे होतात ते सगळे, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, व्यापारी कोळी आणि गळाने मासे धरायला येणाऱ्यांची विश्रामगृहे चालवणारे, एकत्र आले. २०१०मध्ये सहा जमातींनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे अर्ज केला. जानेवारी २०२३मध्ये त्या संस्थेने खाणीचा कचरा तिथल्या पाण्यात टाकायला मनाई केली. मला मात्र याहून अधिक भावली ती पेड्रो बे या छोट्या गावाची गोष्ट. खाणीकडे जाणारा नियोजित रस्ता या गावकऱ्यांच्या कंपनीच्या जमिनीतून जाणार होता. २०२२मध्ये सभासदांच्या संमतीने त्यांनी सुमारे ४४ हजार एकरांवर कायमचा करार केला. जमीन त्यांचीच राहिली, तिच्यावर शिकार, मासेमारी आणि राबता त्यांचाच राहिला, पण त्या नद्यांची नासाडी करणारे बांधकाम तिथे आता कधीच करता येणार नाही. या हक्काच्या मोबदल्यात संवर्धन संस्थांनी देणग्या गोळा करून गावाला २ कोटी डॉलर दिले. गावाला उठवले नाही, गावाचा त्याग गृहीत धरला नाही. चांदोलीच्या जंगलातून उठवलेली माणसे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे, म्हणून हा भेद मला फार जाणवतो.

मासे कमी झाले, की 'पिल्ले आणून सोडा' हा उपाय आपल्याकडे पहिल्यांदा सुचवला जातो, आणि मीही काही वर्षांपूर्वी तो एका सभेत सुचवला होता. आज मी तसे म्हणणार नाही. लोणावळ्याजवळच्या वळवणच्या मत्स्यबीज केंद्रात १९७०च्या दशकापासून आपल्या कृष्णा खोऱ्यातल्या महाशीरची पिल्ले तयार होऊ लागली. चांगल्या हेतूने ती कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर जगात दुसरीकडे कोठेही नाही, आणि आपल्याकडून गेलेल्या माशाने त्याची जागा इतकी व्यापली, की २०१८मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. सॅमनच्या नद्यांतही केंद्रात वाढवलेल्या माशांनी रानटी माशांचे असेच नुकसान केले आहे. कार्कीक पार्कमधले चमसुद्धा अशाच केंद्रातल्या पिल्लांपासून पुन्हा आणलेले आहेत, कारण तिथला मूळ मासा केव्हाच संपला होता. जिथे काहीच उरले नाही तिथे तो उपाय असेल, पण जिथे मूळ मासा आहे तिथे त्याची वाट मोकळी करणे हेच पहिले काम आहे.

स्थानिक भागीदारी हा शब्द सरकारी कागदांत इतका वापरला जातो, की त्याचा अर्थ झिजून गेला आहे. बिली फ्रँक या वॉशिंग्टन राज्यातल्या निस्क्वाली जमातीच्या मासेमाराची हकिगत वाचल्यावर मला तो नव्याने कळला. १८५४-५५च्या तहांत त्या जमातींनी जमीन दिली आणि मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला होता, तरी पुढे राज्य सरकार त्यांना त्यांच्याच नदीत जाळे टाकल्याबद्दल अटक करू लागले. बिली फ्रँक यांना पहिली अटक झाली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आणि पुढे ती पन्नासहून अधिक वेळा झाली. १९७४मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की धरता येणाऱ्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा आहे, आणि माशांचे व्यवस्थापनही त्या राज्याच्या बरोबरीने करतील. आधी हक्क मान्य झाला आणि त्यानंतर त्याच लोकांनी आपले शास्त्रज्ञ नेमले, ओढे साफ केले, एल्वासारखी धरणे पाडण्यासाठी लढा दिला. आपल्याकडे हे उलट होते. भोई समाजाला नदीविषयीच्या बैठकीला कोणी बोलावत नाही. निदान मी सांगलीत ज्या बैठकांना गेले, त्यांत मला त्यांच्यातले कोणी बोलताना दिसले नाही. मासे मेले, की मात्र त्यांनाच विचारतात, किती मेले आणि कोणते मेले. कारण ते दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. सातारा जिल्ह्यात कास पठारावर भोवतालच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर फुलांच्या हंगामाचे नियोजन करतात, येणाऱ्यांकडून शुल्क घेतात, रोजची संख्या ठरवतात. त्यात त्रुटी असतील, पण गावाला त्यात अधिकार आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव असे दोन प्रकार आले, आणि संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीवर ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. वाई तालुक्याच्या पश्चिम टोकाला जोर-जांभळीचे असे राखीव क्षेत्र झाले आहे, ते कृष्णेच्या अगदी माथ्यावर. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, मंदिराच्या कुंडात, २०२०मध्ये एक इवलासा मासा विज्ञानाला नव्याने सापडला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसास्थळ म्हणून घोषित झाली. हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. कायद्याच्याही आधीपासून महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनीचे मासे आहेत. कुरमुरे टाकले, की हातभर लांबीचे महाशीर वर येतात आणि कोणी त्यांना हात लावत नाही. पण हे सगळे एकेका जागेचे राखणे झाले. डोह राखला, जंगल राखले, पठार राखले; माथ्यापासून संगमापर्यंत एक अख्खी नदी, निदान एक अख्खा ओढा, आपण अजून राखलेला नाही.

मोठी नदी माझ्या हातची नाही, म्हणून मी माहेरच्या ओढ्यापासून सुरुवात केली. लांबीला तो सात-आठ किलोमीटर असेल, वरती देवराई आहे, मध्ये खाचरे, खाली वारणा. त्यावर धरण नाही. गेल्या वर्षी ग्रामसभेत मी दोन गोष्टी मांडल्या. पहिल्या पुरापासून पंधरा दिवस ओढ्याच्या मुखाशी आडवे जाळे लावायचे नाही, आणि ओढ्यावरच्या छोट्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, मेअखेर काढायचेच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची ही मोठी सोय आहे, बरगे निघाले की पावसाळ्यात माशाला वाट मिळते. मात्र अलीकडे वळीव मे महिन्यातच जोर धरतो आणि बरगे काढायच्या आत पाणी येते. एक तरुण मुलगा उठून म्हणाला, "काकू, आमच्या ताटातले दोन मासे बंद करून नदी सुधारणार आहे का? वरनं घाण सोडणाऱ्याला कोण विचारणार?" त्याचे म्हणणे खरे होते आणि मी तसे सांगितले. जपानमध्ये होक्काइदो बेटावर सारुफुत्सु नदीच्या काठचे आपल्या मालकीचे जंगल राखायला ओजी ही कागद कंपनी तिथल्या गावाबरोबर आणि गळाने मासे धरणाऱ्यांबरोबर बसली, कारण तिथे इतो नावाचा सॅमनच्याच कुळातला दुर्मीळ मासा आहे. आपल्या कारखान्यांनाही असे बसवावे लागेल, आणि त्यांच्यासमोर बसताना आपल्या हातात आपल्या ओढ्याचे आकडे असले पाहिजेत, एवढेच मी त्याला उत्तर दिले. ठराव एकमताने झाला नाही. बहुमताने झाला, आणि तो मुलगा विरोधात मत देऊनही नंतर आमच्याबरोबर आला.

यंदा जूनमध्ये आम्ही ओढ्याच्या मुखाशी मचाण बांधले नाही, काठच्या जांभळीखाली ताडपत्री ताणली. सांगलीहून आण्णा एसटीने आले, कारण अंधारात मासा ओळखणारा माणूस दुसरा नव्हता. शाळेतल्या चार मुली, तो तरुण, मी आणि माझा भाऊ. तिसऱ्या रात्री पाणी आले. दर तासाला दहा मिनिटे बॅटरी धरायची आणि बंधाऱ्याच्या उघड्या गाळ्यातून वर जाणारे मासे मोजायचे, असे ठरले होते. पहिल्या दोन तासांत काहीच दिसले नाही. साडेनऊच्या पाळीला गढूळ पाण्यावर एक चंदेरी पाठ चमकली, मग दुसरी, मग मोजणाऱ्या मुलीचा आवाज भराभर चढत गेला. दहा मिनिटे संपल्यावर तिने वहीत ४३ लिहिले. आण्णा पाण्यात पाय सोडून बसले होते. ते म्हणाले, "पंचेचाळीस लिव. दोन वामी खालनं गेल्या, तुला दिसल्या न्हाईत." मुलीने माझ्याकडे पाहिले. मी तिला ४३ तसेच ठेवायला सांगितले आणि शेजारी, वेगळ्या रकान्यात, 'वाम २, आण्णांनी पाहिलेल्या' असे लिहून घेतले.